राईतली शीळकरी

पूर्वी शोणवती नावाच्या नगरीत अश्मदेव राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मास आले. त्यांचे नाव क्षेमक. वडिलांच्या मागे तेच राजाचे अमात्य झाले.

राजाने घाटमाथ्यावरच्या एका नायकाची कन्या सोमिला हिच्याशी विवाह केला होता. राजाचे तिच्यावर फार प्रेम होते. पण महालात आल्यापासून ती दिवसेंदिवस अबोल होत गेली. सकाळी ती खिडकीशी बसे आणि मान किंचित कलती करून काहीतरी ऐकू येण्याची वाट पाहत राही. ताटातले अन्न तसेच निवून जाई.

एकदा राजाने विचारले, "देवी, तुम्हाला काय हवे आहे?"

ती म्हणाली, "आमच्याकडे राईत शीळकरी नावाचं पाखरू आहे. ते बोलल्याशिवाय मला उजाडल्यासारखंच वाटत नाही."

राजाला आनंद झाला. मागणी कळली की ती पुरी करता येते, असे त्याला वाटे. त्याने क्षेमकाला बोलावून सांगितले, "तो पक्षी घेऊन या. रिकाम्या हाताने आलात तर अमात्यपद राहणार नाही."

क्षेमक निघाले. सोबत कुटज नावाचा पाखरे धरणारा होता. सखल शेते मागे पडली, मग बांबूची बेटे मागे पडली. चढ जसजसा वाढला, तसतशी झाडे ठेंगणी होत गेली आणि त्यांच्या अंगावर शेवाळाची लोकर दिसू लागली. ढग झाडांमधून माणसासारखे चालत येत आणि वाटसरूंना ओलांडून पुढे जात. पुढचा मनुष्य दिसेनासा होई, त्याच्या पावलांचा आवाज मात्र जवळच असे. आपण चालतो आहोत की झोपेत आहोत, हे क्षेमकांना कित्येकदा कळेना.

माथ्यावर सगळीकडे गवताच्या टेकड्या होत्या. दोन टेकड्यांच्या बेचक्यात एक काळोखी राई होती. शीळकरी तेवढ्याच राईत राही. पलीकडच्या घळीत तशीच झाडे, तसेच पाणी. पण तिथे तिचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता.

सोमिलेची आई वेणुका त्यांना सामोरी आली. त्यांचे काम काय, हे तिने विचारलेच नाही. ती म्हणाली, "माझी पोर कशी आहे?"

 क्षेमक म्हणाले, "तिला इथल्या शीळकरीची आठवण येते."

"एवढंच म्हणाली?" वेणुका म्हणाली. मग ती त्यांना राईत घेऊन गेली.

आत पाऊल टाकताच वारा थांबला. तिघेही ओल्या पानांवर बसून राहिले. वरून थेंब पडत होते, आणि पडतानाच हवेत विरल्यासारखे वाटत होते. मग एक शीळ आली. लांब, वर चढत जाणारी, शेवटी अर्धवट सोडलेली. दुसऱ्या बाजूने कोणीतरी ती पुरी केली. थोड्याच वेळात पाचोळ्यावर एक पाखरू उतरले. पाठ ढगाच्या पोटासारखी निळसर, छाती तांबूस. ते एक पान उलटून खाली पाही, मग दुसरे उलटवी. क्षेमक आपण कशासाठी आलो हे विसरून गेले.

कुटज विसरला नव्हता. त्याचे जाळे पडले, आणि दुपारी ते पाखरू वेणुकेच्या अंगणात पिंजऱ्यात होते.

ते फडफडले नाही. किडे दिले, त्यांना चोच लावली नाही. राईकडे तोंड करून, मान किंचित कलती करून ते नुसते बसून राहिले. क्षेमकांनी ती मान पाहिली. तशी मान त्यांनी महालाच्या खिडकीत पाहिली होती.

त्यांनी उठून पिंजऱ्याचे दार उघडले.

"अमात्य, हे काय केलंत!" कुटज ओरडला. "महाराज मला जिवंत ठेवतील का?"

"तू धरलेस, मी सोडले. तसेच सांग," क्षेमक म्हणाले. "तुला बोल लागणार नाही."

वेणुका हळूच म्हणाली, "तुमचं पद जाईल ना?"

"जाईल, माई."

क्षेमक दरबारात परतले तेव्हा राणीही तिथे होती.

"पक्षी सापडला?" राजाने विचारले.

"सापडला, महाराज. धरलाही. मग मी सोडून दिला."

"आमची आज्ञा असताना?"

"पिंजऱ्यात तो गप्प झाला. गप्प पक्षी आणून देवींना काय दिले असते?"

राजाचा चेहरा कठोर झाला. क्षेमकांनी राजमुद्रा काढून त्याच्या पायाशी ठेवली. इतक्यात राणी उठली आणि म्हणाली, "अमात्य, माझी आई भेटली?"

"भेटली. तुम्ही कशा आहात, एवढेच तिने विचारले."

राणी सगळ्यांसमोर रडू लागली. तिचा इतका मोठा आवाज राजाने कधी ऐकला नव्हता. तिला पाखरू नव्हे, माहेर हवे आहे, हे त्याला आता कळले, आणि तो घाबरला. क्षेमकांजवळ येऊन म्हणाला, "ती वर गेली आणि परत आली नाही तर?"

"दार उघडले तेव्हा पाखरू कुठे जाईल, हे मलाही ठाऊक नव्हते, महाराज."

राजा राणीकडे वळला. तो म्हणाला, "तुम्ही परत याल?"

"मला माहीत नाही," ती खरे तेच बोलली.

तरीही राजाने मेणा सजवायला सांगितले.

पावसाळा सरला. राणीचा निरोप आला नाही, आणि राजानेही दूत धाडला नाही. मुद्रा ठेवल्यापासून क्षेमक घरीच होते. एके दिवशी राजा त्यांच्या घरी पायी आला आणि म्हणाला, "मला वर घेऊन चला. आणायला नाही, भेटायला." दोघे चढून गेले. धुक्यात कोण येते आहे हे सोमिलेला आधी कळेना. कळले तेव्हा ती पुढे आली. राजाचा हात धरून ती त्याला गवताच्या उतारावरून खाली राईकडे नेऊ लागली, आणि चालता चालता ती हसत होती.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद, कुटज म्हणजे छन्न, वेणुका म्हणजे महाप्रजापती गौतमी, आणि सोमिला म्हणजे राहुलमाता. क्षेमक अमात्य तर मीच होतो. ज्याच्यावर जीव आहे, त्याला त्याच्या ठिकाणी सुखाने असू देणे, यालाच मैत्री म्हणतात. त्या जन्मी मी मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची साधना, पुरी केली."