लिंबाजी मिस्त्रीचा राग

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात लिंबाजी नावाचा सायकल-मिस्त्री होता. हात असा, की वाकडं चाक नुसतं बोटांनी चाचपून सरळ करायचा. आणि राग असा, की तो कायम नाकाच्या शेंड्यावर बसलेला. पंक्चर काढताना तो ट्यूबवर रागवायचा, हवा भरताना पंपावर रागवायचा, आणि गिऱ्हाईक समोर आलं की मग विचारूच नका. लोक म्हणायचे, मिस्त्री फटकळ आहे, पण मनाचा खरा आहे. लिंबाजीलाही ते पटलेलं होतं. आपल्याला वाईट गोष्टींचा एवढा राग येतो, त्या अर्थी आपण चांगलेच असणार, असं तो धरून चालला होता.

त्या गावातल्या काही खात्यापित्या घरच्या मंडळींना एकदा सायकलींचं वेड लागलं. चालवण्याचं कमी आणि दाखवण्याचं जास्त. दर रविवारी ही मंडळी पहाटे घाट चढून जायची, उतरून यायची आणि लिंबाजीच्या दुकानापुढे सायकली लावून गप्पा छाटत उभी राहायची. घाटाला एक तास लागायचा आणि त्याच्या वर्णनाला दोन. त्यांचे म्होरके बिपिनशेठ, फरशीचे व्यापारी. त्यांच्या जोडीला दातांचे डॉक्टर उपासनी. डॉक्टर आपल्या सायकलीची साखळी एवढी घासायचे, की तेवढे गावातले दात घासले असते तर गावाचं भलं झालं असतं.

"माझी फ्रेम परदेशातून आली आहे. एका बोटावर उचलते," बिपिनशेठ सांगायचे.

"बोटावर उचलते, तर मग तिसऱ्या वळणापासून ढकलत का होता?" डॉक्टर विचारायचे.

आणि मग जुंपायची. कोणाचे गिअर किती, कोणाचं सीट कोणत्या कातड्याचं, कोणाच्या चाकात किती आरे. आत बसलेला लिंबाजी हे ऐकायचा आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. ह्यांच्या चाकांत हवा कमी आणि डोक्यात जास्त, असं तो मोठ्याने म्हणायचा. मंडळी खो खो हसायची. मिस्त्रीने चार शब्द सुनावले नाहीत तर त्यांना रविवार झाल्यासारखा वाटायचा नाही.

एका रविवारी वाद निघाला, की सगळ्यांत हलकी सायकल कोणाची. बोलून काही मिटेना. शेजारी धान्याचं दुकान होतं आणि तिथल्या आढ्याला पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला होता. कोणीतरी आपली सायकल त्या काट्याला अडकवली. झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर रविवारी घाट उतरून आल्यावर एकेक सायकल काट्याला लटकायची आणि जी सगळ्यांत हलकी भरेल तिच्या हँडलला झेंडूची माळ. धडधाकट माणसं आपापल्या सायकली मेलेल्या बोकडासारख्या टांगायची आणि त्यांच्याखाली, माना वर करून, उभी राहायची. पण हसायचं कोणी? ज्याच्या त्याच्या जिवाला घोर लागलेला.

आता सायकल हलकी करायची तर तिच्यातलं काहीतरी काढायला हवं. आधी स्टँड निघाले. मग कॅरिअर निघाले, मग मडगार्ड. सगळं लिंबाजीनेच काढलं. काढताना त्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच असायचा.

"चिखल उडून पाठ भरंल तवा कळंल! अक्कल बी काढून ठेवा, तेवढंच वजन कमी!"

तोंड असं चालायचं आणि पानाही चालायचा. दोन्ही एकमेकांना कधी आडवे आले नाहीत. बिपिनशेठ शांतपणे म्हणायचे, "बोलू द्या हो त्यांना. मिस्त्री तोंडाने तापतात, हाताने काम चोख करतात." आणि खरं सांगायचं तर लिंबाजीला त्यात आतून बरंही वाटायचं. त्याने हलकी केलेली सायकल पाहून शेजारच्या दोन गावांतले लोकही त्याच्याकडे येऊ लागले होते.

मग मंडळींची नजर घंटीवर गेली.

इथे मात्र लिंबाजी खरोखरच भडकला, कारण इथे गोष्ट साधी नव्हती. घाटावरच्या वस्त्यांतल्या बायका रविवारच्या बाजारासाठी पाट्या घेऊन त्याच रस्त्याने पायी उतरायच्या. डोक्यावर भरलेली पाटी असली की मान वळवता येत नाही. मागून काय येतंय ते फक्त कानाला कळतं. घंटी वाजली की त्या एका अंगाला सरायच्या. घंटीच नसेल तर त्यांनी काय करायचं?

"आम्ही तोंडाने ओरडू की," उपासनी म्हणाले.

"दात काढता काढता तुमी माणसांचे पाय काढायला लागला व्हय?" लिंबाजी गरजला. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. पण डॉक्टरांनी सायकल पुढे केली, आणि गरजत गरजतच लिंबाजीने पेचकस फिरवला. घंटी काढायला वेळ तो काय लागतो? त्या दिवशी नऊ घंट्या फळीवर जाऊन पडल्या.

पुढच्या दोन रविवारी व्हायचं तेच झालं. एकीची अंडी फुटली. दुसरी दचकून गटारात पडली आणि तिचा गुडघा फुटला. ओरडलेलं ऐकू येईपर्यंत सायकल अंगावर आलेली असायची. पण ब्रेक धड होते, म्हणून तेवढ्यावर निभावलं. बायकांनी ठरवलं, की आता हा रस्ताच नको, ओढ्याकडच्या पायवाटेने उतरायचं. ती वाट दुप्पट लांबीची आणि नुसत्या धोंड्यांची. ज्यांचा रस्ता, त्यांनाच रस्ता सोडावा लागला, आणि कशासाठी, तर झेंडूच्या माळेसाठी!

ह्या बायकांमध्ये भागीरथी नावाची एक होती. पन्नाशीची, बोलायला ठाम. तिच्या शब्दावर बाकीच्या चालायच्या. बाजारात बसण्याआधी घटकाभर लिंबाजीच्या दुकानाच्या सावलीत पाटी उतरवून ती पाणी प्यायची. एका रविवारी ती अशीच बसली होती, आणि पलीकडे काट्याखाली बिपिनशेठ घामाघूम झाले होते. त्यांची सायकल डॉक्टरांच्या सायकलीपेक्षा थोडी जड भरली होती. अगदी थोडी, एखाद्या लिंबाएवढी. माळ डॉक्टरांच्या हँडलला गेली. बिपिनशेठ तडक दुकानात आले.

"मिस्त्री, मागचा ब्रेक काढा. पुढचा आहे, तेवढा पुरे."

लिंबाजीच्या हातातला हातोडा दाणकन खाली पडला. असा राग त्यालाही पूर्वी आला नव्हता.

"शेठ, डोकं ठिकाणावर हाय का? उतारावर नुसता पुढचा बिरेक दाबला तर सायकल मागनं उठती! तुमी तर मरालच, पर वाटंतल्या कुणाला तरी घिऊन मराल! माझ्या दुकानात असलं पाप व्हायचं न्हाई! निघा! चालते व्हा!"

त्याचे डोळे लाल झाले होते. तो खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्यातला शब्द न् शब्द त्याला मनापासून वाटत होता. भागीरथीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि ती म्हणाली, "मिस्त्री, तुमी हाय म्हणून बरं हाय." आणि ती बाजाराकडे निघून गेली.

बिपिनशेठ मात्र हलले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. लिंबाजीचा राग ते पुष्कळ वर्षं बघत आले होते. त्याला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं.

"झालं बोलून? आता काढा. तुम्ही नाही काढलात तर पलीकडच्या गावातला मिस्त्री काढून देईल. मग लोक म्हणतील, लिंबाजीला जमलं नाही."

लिंबाजी आणखी थोडा वेळ बोलत राहिला. बिपिनशेठचा त्याने उद्धार केला, त्यांच्या सायकलीचा केला, आजच्या जगाचाही केला. मग दातओठ खात तो खाली बसला, त्याने पाना उचलला आणि मागचा ब्रेक काढला. काम नेहमीसारखंच चोख झालं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ऊन वर यायच्या आत घाटाच्या दुसऱ्या वळणावर आरडाओरडा झाला. लिंबाजी धावत गेला. रस्त्यावर भाजी विखुरली होती आणि भागीरथी कडेला पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. बिपिनशेठ वेगात आले, ओरडले, तिला काही ऐकू आलं नाही. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला, सायकल मागून उठली आणि शेठ सायकलीसकट तिच्या पाठीवर जाऊन आदळले. त्यांच्या खांद्याचं हाड सरकलं होतं. तशाही स्थितीत ते विचारत होते, "फ्रेमला काही झालं का? फ्रेम बघा आधी!" आणि उपासनी, दातांचे का असेनात पण डॉक्टर असलेले उपासनी, खरोखरच आधी सायकल उचलून बघत होते.

लोक खवळले. बाकीच्या बायका पाट्या टाकून धावल्या, त्यांनी शेठला शिव्या द्यायच्या काही बाकी ठेवल्या नाहीत. आणि सगळ्यांत मोठा आवाज लिंबाजीचा.

"मी सांगितलं व्हतं ह्याला! शंभरदा सांगितलं! कुणाला तरी घिऊन मरशील म्हणून माझ्याच तोंडानं सांगितलं!"

भागीरथीचा नवरा केरबा वस्तीवरून धावत आला होता आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मोडक्या सायकलीकडे पाहिलं. मग लिंबाजीकडे पाहिलं.

"तुमी सांगत व्हता मिस्त्री, तवा पाना कुणाच्या हातात व्हता?"

आयुष्यात पहिल्यांदा लिंबाजीला राग आणता आला नाही.

महिन्याभराने तो घाट चढून भागीरथीच्या घरी गेला. ती अंगणात बाजेवर पडून होती. पाय फळीला बांधलेला. हाड जुळेल, पण डोक्यावर ओझं घेऊन घाट उतरणं आता जन्मात होणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लिंबाजी बाजेशी उकिडवा बसला आणि सवयीने बिपिनशेठला बोल लावू लागला. कसा माणूस, कसला माज, एकदा तरी चौकशीला आला का?

भागीरथीने त्याला मध्येच थांबवलं.

"त्याचं ऱ्हाऊ द्या. त्यो कसा हाय ते मला आधीपासनंच म्हाईत व्हतं. त्याच्या भरवशावर मी रस्त्यानं आले न्हाई, मिस्त्री. आमी सगळ्याजणी ओढ्यानं उतरत व्हतो. त्या दिवशी मीच बायांना म्हणलं, चला रस्त्यानं. मिस्त्री लई तापलेत, शेठला दुकानातनं हाकललंय, आता ही मंडळी वठणीवर येत्याल, बिरेक काय ते काढू द्यायचे न्हाईत. मी तुमच्या रागावर इसवास ठेवला."

लिंबाजीने मान खाली घातली. कोणी चार थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो तसाच उठला आणि घाट उतरू लागला. वाटेत त्याने कोणालाही शिवी दिली नाही, कारण शिव्या द्यायला ज्याच्यापाशी जायचं तो माणूस त्याच्या अंगातच होता.

ह्यातून मंडळी शहाणी झाली म्हणाल, तर तसलं काही नाही. खांदा बरा झाल्यावर बिपिनशेठ नवी सायकल घेऊन आले, मात्र दुकान बदललं. एका रविवारी दुसऱ्या गावचा एक गृहस्थ लिंबाजीकडे आला. अंगात घट्ट कपडे, डोळ्यांना रंगीत चष्मा. सायकल पुढे करून म्हणाला, "मिस्त्री, तुमचं नाव ऐकून आलोय. घंटी आणि मागचा ब्रेक, दोन्ही उतरवा."

दुकानाबाहेर चहा पीत बसलेले लोक सरसावून बसले. आता भडका उडणार! लिंबाजीच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लालभडक झाला. जिभेवर आलेलं सगळं त्याने गिळलं. हातातला पाना फळीवर ठेवला आणि हात पाठीमागे घेतले.

"न्हाई," तो म्हणाला.

"का? दुसरा कोणीही काढून देईल."

"दील. मी काढणार न्हाई."

गृहस्थाने थोडा वेळ वाट पाहिली. मिस्त्री आधी चिडतो आणि मग काम करतो, असं त्यालाही कोणीतरी सांगितलं असावं. पण लिंबाजीने शिवी दिली नाही आणि तो हललाही नाही. शेवटी तो माणूस सायकल घेऊन निघून गेला. त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं नाही, पुढच्या रविवारीही आलं नाही. लिंबाजी हात पाठीमागे बांधून दारात उभा राहिला.

तात्पर्य: नको ते काम शिव्या देत केलं, तरी ते आपणच केलेलं असतं. ज्या रागाने हात थांबत नाही, तो राग कोणाच्याही उपयोगाचा नाही. उलट त्याच्यावर भरवसा ठेवणारा मात्र फुकट मारला जातो.