बिनशंखाची गोगलगाय

"मगे माका दीक्षा कधी गावतली?" न्हानूने विचारलं.

सोमाबुवा बंदरावरच्या मठीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता सोडूक काय रवला, बुवा? नऊ वर्सांमागे घरदार सोडलंय. तीन वर्सां झाली, मागणा पण सोडलंय. समोर इला तर खातंय. नायतर उपाशी."

न्हानूचं हे व्रत सगळ्या बंदराला पाठ होतं. कारण तो ते स्वतःच सांगायचा.

जाळ्यात काही विचित्र सापडलं की खलाशी ते आधी बुवांपुढे आणून ठेवत. आज दोनशे वाव खोल पाण्यातला एक मेलेला तारामासा आला होता. त्याच्या एका हाताला सुपारीएवढी गाठ होती.

बुवांनी सुरीने गाठ चिरली. आतून एक पांढरा, मऊ गोळा बाहेर आला. न्हानूच्या अंगावर काटा आला.

"ह्या काय?"

"गोगलगाय."

"शंख खंय हा?"

"टाकल्यान."

"पाय?"

"टाकल्यान."

"डोळे?"

"ते पण टाकल्यान."

न्हानूने नकळत हात जोडले. "केदो मोठो त्याग!"

"मगे खाता काय?" बुवांनी विचारलं.

"मागूक खंय जाणा नाय... आत बसल्या जाग्यार जा गावता, ता..."

तो बुवांकडे वळला.

बुवांची सुई पुन्हा चालू झाली होती. न्हानूला त्यांच्या गळ्याची हाडं दिसली. टाचांच्या भेगा दिसल्या. खुंटीवरची झोळी दिसली. नऊ वर्षं तो हे रोज बघत होता, आणि आज त्याला भीती वाटली.

"बुवा... सकाळची भाकरी माझ्यासमोर कोणी ठेवल्यान?"

बुवांनी जाळ्याचा पुढचा फास ओढला.

"तुमी जेवल्यात?"

त्याला आता उमगलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा रोज घाटी चढून दारोदार फिरत होता, आणि न्हानूचं व्रत मोडू नये म्हणून भाकरी गुपचूप त्याच्यापुढे ठेवत होता. ज्या दिवशी एकच मिळे, त्या दिवशीही.

"तीन वर्सां तुमी बोललात कित्या नाय?" न्हानूने विचारलं.

बुवांनी चिरलेल्या गाठीवर बोट ठेवलं.

"ह्या घर तारामाशानच बांधल्यान."

मग त्यांनी खुंटीवरची झोळी काढली आणि न्हानूच्या मांडीवर ठेवली.

"बेगीन ये. माका भूक लागली हा."