मिशीवाल्या बाळाचा पाळणा

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आई-आज्यांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, नावाच होत्या.

एका नदीकाठच्या गावात एक नावाडी राहत होता. मिशा भरदार, जीभ तिखट. म्हातारे माणूस नावेत हळू चढले तरी तो खेकसायचा. एकदा पुरात तो भोवऱ्यात सापडला. सारे गाव काठावर उभे होते. पण अशा माणसासाठी उडी कोण घेणार?

उडी घेतली ती त्या राज्याच्या राजपुत्राने! कमरेला दोर बांधून तो भोवऱ्यात शिरला. तळहातांवर वळ उठले तरी तोच दोर सोडून त्याने नावाड्याला बांधला. लोकांनी ओढले, नावाडी वाचला. राजपुत्र मात्र पाण्याखाली गेला.

गाव दोन दिवस रडले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी राजपुत्र वाळूवरून चालत आला! जिवंत! तळहातांवर दोराचे वळ तसेच होते. काठावर पडलेला तो दोर उचलून नावाड्याच्या हाती देत तो म्हणाला, "भावा, हा आता तुझा. मी तुझ्यासाठी आलो, तसा तूही जा." मग तो आपल्या वडिलांकडे परत गेला.

त्या गावाची एक रीत होती. नदीतून वाचलेल्याचा तो नवा जन्म मानायचे आणि त्याचे बारसे करायचे. मग काय विचारता! सुताराने नावाड्याच्या मापाचा पाळणा केला. बायकांनी गाणी म्हटली, घुगऱ्या वाटल्या. नावाडी हसला, रडला, नाचला. त्याची शिवीगाळही खरोखर सुटली.

पण एका गोष्टीत तो चुकला. त्याने दोरासाठी दगडी घुमटी बांधली. दोराला हार घातले. कुणी त्याला शिवायचे नाही, असे ठरवले. गावातली एकुलती एक नावही पालथी घातली. "आता मी नवा झालो. पुन्हा चिखलात कशाला उतरू?" असे तो म्हणे. दरवर्षी त्या दिवशी मात्र तो पाळण्यात बसे, आणि तीच गोष्ट पुन्हा सांगे.

सातव्या वर्षी बारसे रंगात आले असताना गावची म्हातारी सुईण लगबगीने आली.

"आजी, घुगऱ्या घे की!" नावाडी म्हणाला.

"घुगऱ्या ठेव बाजूला. पलीकडे एक पोर अडली आहे. मला पोहोचव."

"आज माझं बारसं गं. उद्या सोडतो."

"बाळंतीण उद्यापर्यंत थांबते होय रे? इतकी बाळं या हातांनी झेलली, वर्षाची झाली की सगळी चालायला लागली. तूच एक, सात वर्षं झाली तरी पाळण्यात!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी मात्र वाळक्या भोपळ्यांची सांगड छातीशी धरून नदीत उतरली.

मधल्या धारेत सांगड सुटली. भोपळे एकीकडे, म्हातारी दुसरीकडे!

"बुडाली! आजी बुडाली!"

तिथवर पोहोचेल असा दोर गावात एकच होता. सगळे घुमटीपुढे थबकले. हात लावायला कुणी धजेना.

नावाड्याला ते वळ उठलेले तळहात आठवले. 'मी आलो तसा तूही जा.' त्याने पाळण्यातून उडी मारली. हार ओरबाडून फेकले. दोर कमरेला बांधला, दुसरे टोक लोकांकडे टाकले आणि धारेत झेप घेतली!

काठावर आल्यावर म्हातारी खोकली, पाणी ओकली आणि ओरडली, "माझ्याकडे काय बघतोस? नाव सरळ कर!"

नाव सरळ झाली. वल्ही सपासप चालली. दुपार व्हायच्या आत पलीकडच्या काठावर तान्ह्या बाळाचा टाहो ऐकू आला, आणि नावाडी पहिल्या बारशाला नाचला होता त्याहून जास्त नाचला.

म्हातारी हात पुसत बाहेर आली. "लेक झाली," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून हसली. "आणि आमचं थोरलं बाळही आज चालायला लागलं!"

पाळणा त्याने त्या लेकीच्या घरी देऊन टाकला. घुमटी रिकामी राहिली. दोर नावेत असे, आणि तो कधी वाळलेला कुणी पाहिला नाही.

बोध: देवाने नवा जन्म दिला असेल, तर पाळण्यातून उतरा आणि त्याच्या कामाला लागा.