देवमाशिणीच्या पिल्लाला निरोप

एका राज्यात, सूर्य उगवून दुसरी घटका भरत होती, नेमकी तेव्हा एक देवमाशीण किनाऱ्यावर येऊन पडली. वाड्याच्या भिंतीएवढी लांब. श्वास चालू होता.

कोळी धावले. सोमा तांडेलाने तिच्या शेपटीला दोर बांधले, शंभर माणसं दोराला लागली. पण त्या हातांना जन्मभर जाळं जमिनीकडेच ओढायची सवय. सोमाने आरोळी दिली आणि पाय आपोआप गावाकडे वळले. समुद्रात सोडायची ती वर कोरड्या वाळूत आली, आणि दुपारी मेली.

त्याच क्षणी समुद्र मागे गेला, तो गेलाच. आणि वाड्यात राणी मृणावतीची तान्ही लेक दूध पिईना. गावातली सगळीच तान्ही बाळं तोंड फिरवू लागली. राणीने दहादा लेकीला छातीशी धरलं, दहादा कपाळाला हात लावला. ताप नाही. मग होतंय काय?

खिडकीत समुद्रावरची पांढरी पाखरीण, कुरव, येऊन बसली नि बोलली.

"सूर्य बुडायच्या आत तीन कामं कर. नाहीतर उद्या पाळणे रिकामे."

"सांग."

"ज्यांनी ओढलं, त्यांनी खड्डा खणून तिला माती द्यावी. चूक कुणाची, ते मोठ्याने बोलावं. तिसरं मग सांगेन."

खड्डा खणला, माती दिली. पण चूक कोण बोलणार? सगळे सोमाकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघताय? तुम्ही काय गजरे ओवत होता?" सोमा ओरडला. मग तो राणीकडे वळला. "राणीसाहेब, आरोळी माझी. वाचवायलाच ओढली हो. कुठं ओढतोय, ते बघितलं नाही."

"मी गच्चीवरून बघत होते," राणी म्हणाली. "मला दिसत होतं. वाटलं, तुम्हाला जास्त कळतं. गप्प बसले."

कुरव म्हणाली, "आता तिसरं. पार तिकडे, उरलेल्या पाण्यात तिचं पिल्लू वाट बघतंय. आई गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तू सांग."

राणीने विचारलं, "येईल म्हणून सांगू का?"

"सांग की. मग ते तिथंच थांबेल, आणि पाणी आटतंय."

लेकीला पोटाशी बांधून राणी समुद्राच्या उघड्या तळावरून चालत गेली. लेक आता रडतही नव्हती. राणी सारखी तिच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

पिल्लाने विचारलं, "आई येतेय ना?"

"नाही रे बाळा. ती मेली. आमच्या हातून मेली."

पिल्लू उरलेल्या पाण्यात एकदा गोल फिरलं. मग म्हणालं, "मला विसरली होती का?"

"नाही. शेवटपर्यंत तिचं तोंड समुद्राकडेच होतं. मी बघितलंय."

सूर्य पाण्याला टेकायच्या आत पिल्लू खोल समुद्राकडे वळलं. त्याला जायला वाट हवी म्हणून पाणी आलं, आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं. राणीच्या पोटाशी लेक चुळबुळली, तोंडाने छाती शोधली आणि पिऊ लागली. किनाऱ्यावरून बाया ओरडून सांगत होत्या, "प्यायली! आमची पण प्यायली!"

तेव्हा बायांनो, कधी देवमासा वाळूवर दिसला, तर दोर लावू नका. अंगावर ओली चादर टाका, डोक्यावरचं नाक तेवढं उघडं ठेवा, पाणी घालत राहा, जाणत्यांना बोलवा. आणि कुणी चुकीचं ओढत असेल, तर ओरडा. एवढं शेजारणीला सांगा. तिला म्हणावं, तूही पुढे सांग.