बेहड्याने मागितलेला घाव

देवराईत कोयता आणायचा नाही, हा दंडक झाडेही पाळत होती, तेव्हाची ही गोष्ट.

राईतल्या म्हाताऱ्या बेहड्याखाली सापसणीची वेल होती. एका जातीची फुलपाखरे फक्त तिच्याच पानांवर अंडी घालत. पण बेहडा पसरत गेला, खाली ऊन पोचेना, आणि वेल पिवळी पडली.

त्या जातीची उरलेली एकच फुलपाखरीण बेहड्यापाशी आली. "आजोबा, वेलीला कोवळं पान फुटलं नाही, तर माझ्या अळ्या खातील काय? तुमची एक फांदी काढायला हवी."

"अगं, दंडक मोडेल. आज फांदी दिली आणि उद्या सगळी राईच गेली, तर?"

"जाईलही. पण इतका विचार करायला माझ्याकडे आयुष्य नाही, आजोबा."

बेहड्याने खालच्या पिवळ्या वेलीकडे पाहिले. मग त्याने राईबाहेर पडून असलेल्या कोयत्याला हाक मारली.

"मी आत येऊ?" कोयता बिचकला. "देव कोपला तर नाव माझं येईल."

"माझं सांग. ही उगवतीची फांदी तोड. दुसरीकडे वळलास, तर अंगावर पडेन."

"बोलावून दम देणारे तुम्हीच पहिले," म्हणत कोयता कामाला लागला.

फांदी पडली. वेलीवर ऊन आले, पालवी आली, पालवीवर अंडी आली.

बाकीची झाडे मात्र बेहड्याशी बोलेनाशी झाली. आपण चुकलो की काय, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. तरी काही वर्षांनी त्या जागी फुटवे दाटले आणि वेलीवर पुन्हा सावली आली, तेव्हा त्याने स्वतःहून कोयत्याला बोलावले.