बसल्या हाताची खुंटी

आज ऊन कसं स्वच्छ पडलंय, म्हणून उघड्या दारांतून घराघरांतल्या भिंतीवरच्या टोपल्या वाटेवरूनच दिसतात. त्या दिवशी मात्र, असं सांगतात, मार्गशीर्षातला बोचरा वारा सकाळपासून सुटला होता आणि आभाळ राखेसारखं झालं होतं.

वेळूवाडीत आलेला पाहुणा आधी या टोपल्याच बघतो. कांदे, मिरच्या, फणी, सुईदोरा, भाकरी, सगळं भिंतीवर टांगलेलं. शोभा छान केलीय म्हणतो, आणि मग विचारतो, एवढ्या खाली का? उभ्या माणसाला वाकावं लागतं. ही शोभा नाही, बाबांनो. ही गावाच्या लाजेची खूण आहे.

फार मागं इथं नावजी बुरूड होता. उभा जन्म उकिडवं बसून त्यानं बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणल्या. पाठ अशी वाकली की शेवटी सरळ उभंच राहता येईना. गुडघ्यावर हात टेकत घरातल्या घरात फिरायचा. गावात एक घर नव्हतं जिथं त्याची टोपली नव्हती. आणि त्याच्याच घरात, त्याच्याच लेकानं, हैबतीनं, भाकरीची टोपली नेऊन पार आढ्याखाली टांगली. "मांजर लागतं," म्हणाला. त्या घरात मांजर नव्हतंच म्हणे. म्हातारा दिवसभर खात बसतो, हे त्याच्या मनात होतं.

त्या दिवशी सगळी माणसं मळणीला खळ्यावर गेलेली. नावजी टोपलीखाली बसून होता. नाचणीच्या भाकरीचा वास खालपर्यंत येत होता. त्यानं काठीनं टोपलीला ढोसून पाहिलं. टोपली हलली, डुलली, पण कलंडली नाही. कलंडेल कशी? आतलं काही सांडू नये म्हणून खोल पोटाची त्यानंच विणलेली. नावजी रागीट नव्हता. पण तेव्हा त्यानं काठी भिरकावून दिली.

शेजारची ठकूबाई विस्तव मागायला आली. बघते तर हे असं.

"तात्या, सकाळपासनं उपाशी? थांबा, काढून देते."

"नको, ठकू. आज तू देशील. उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. आधी खा."

"माझ्या हातानं विणली, तिला माझाच हात पोचत नाही. मग तिच्यातला घास मला नको. भिंतीनं आपणहून दिला तर घेईन."

एवढं बोलून म्हातारा भिंतीकडं पाठ करून बसला.

ठकूबाई तशीच खळ्यावर गेली. विस्तवाची खापरी हातातच.

"हैबती, तुझं मांजर कुठाय रे? दाखव की मला!"

"काकी, लोकांत काय हे?"

"लोकांतच! बापाला भाकरीचा वास देतोस आणि भाकरी देत नाहीस. कुत्र्याला तरी तुकडा टाकतोस ना?"

कुणी हसलं नाही. सगळे बैलांकडं बघत राहिले. कारण असं की, ज्याच्या त्याच्या घरी टोपली तितकीच उंच होती, आणि ज्याच्या त्याच्या घरी खाली कुणीतरी बसलेलं होतं. एवढं मोठं गाव, आणि बोलायला निघाली एक बाई. सांगताना आजही जीभ कडू होते.

दिवस कलला तसा वारा चवताळला. आणि मग, म्हणे, उंच ठोकलेल्या खुंट्या भिंतीतून आपोआप सुटायला लागल्या. या घरात धप्प, त्या घरात धप्प. माणसं धावत आली, परत ठोकल्या, परत सुटल्या. बायकांनी फणी-आरशाच्या टोपल्या आपल्या सोयीनं खाली लावलेल्या, त्यांना मात्र वाऱ्यानं धक्का लावला नाही.

हैबतीच्या घरातली भाकरी जमिनीवर पडली होती. नावजीनं तिला हात लावला नव्हता. पडलेलं आणि दिलेलं यातला फरक उपाशी माणसाला चांगला कळतो.

हैबतीनं पाय धरले, असं काही जण सांगतात. धरले असतील. पाय धरून कुणाचं पोट भरत नाही. शेवटी तो दगड आणि खुंटी घेऊन भिंतीपुढं उभा राहिला, आणि कुठं ठोकावी हेच त्याला कळेना. बापाला विचारायचं तोंड उरलं नव्हतं. तेव्हा ठकूबाईच पुढं झाली. तिनं नावजीला धरून भिंतीकडं तोंड करून बसवलं.

आजही वेळूवाडीत नवं घर उभं राहिलं की सामान आत नेण्याआधी घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस भिंतीशी बसवतात. शेजारीण येते. तोवर घरच्यांनी तोंड उघडायचं नाही; तो हक्क त्यांनी तेव्हाच गमावला. मग शेजारीण तेच म्हणते, जे ठकूबाई त्या दिवशी नावजीला म्हणाली:

"हात वर करा, तात्या. पोचंल तिथंच ठोकायला लावते. आणि चोरून नका करू, सगळ्यांना दिसू दे."