तेलाने काळा झालेला पाळणा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात सगळ्यांचा मिळून एकच पाळणा होता. सागवानी, चांगला ऐसपैस. ज्या घरी मूल जन्मायचं त्या घरी तो जायचा. मूल रांगायला लागलं की पुढच्या घरी. तो कोणी आणि कधी करवून घेतला, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं.

इतक्या वर्षांत त्याला किती हात लागले असतील! बाळाला तेल लावून उठलेली आई त्याच हातांनी पाळणा धरायची. काजळाची बोटं तिथेच पुसली जायची. शेक-धुरीचा धूर वर बसायचा. असा थरावर थर चढून पाळणा काळा आणि चिकट झाला होता. लोकांना वाटायचं, मुळात लाकूडच काळं आहे.

त्याच गावात अनसूया राहायची. कामाचा तिला भारी उरक. तिच्या घरात पितळेची भांडी कायम लखलखत असायची आणि चुलीमागच्या भिंतीवर काजळीचा ठिपका दिसायचा नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या बहिणीला, शेवंतीला, तिनेच वाढवलं होतं. म्हणून शेवंती बाळंतपणालाही तिच्याकडेच आली, आणि तिला मुलगी झाली.

शेजारच्या तानीमावशींनी पाळणा आणून दिला. त्यांची सगळी मुलं त्यातच वाढली होती. त्या गेल्यावर अनसूयेने पाळण्यावरून हात फिरवला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"सव्वा महिन्याने बारसं. तुझ्या सासरची माणसं येणार," ती म्हणाली. "ती काय म्हणतील? बहिणीच्या घरी बाळाला असल्या चिकट पाळण्यात निजवतात?"

"असू दे गं ताई. आत दुपटं घातलंय ना," शेवंती म्हणाली.

पण अनसूयेला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी बाळ शेवंतीच्या कुशीत झोपलेलं असताना तिने पाळणा अंगणात काढला. कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला, आणि डोक्याकडची फळी जोर लावून घासायला लागली.

मळ भराभर सुटला. काळं पाणी वाहू लागलं, तसा अनसूयेला हुरूप आला. मग त्या पाण्यात लाल रंग दिसला. थोडा पिवळा दिसला. तिने हात थांबवला आणि फळीवर स्वच्छ पाणी ओतलं.

फळीच्या कोपऱ्यात रंगवलेल्या वेलीचं एक पान शिल्लक होतं. बाकी सगळी फळी पांढुरकी पडली होती आणि लाकडाचे तंतू फुलून वर आले होते. काळ्या थराखाली कोणीतरी मन लावून वेलबुट्टी काढली होती, वर लाखेचा हात दिला होता. गावाने ती कधी पाहिली नव्हती, आणि अनसूयेने ती पाहण्याआधीच पुसून टाकली होती.

ती तशीच ओल्या अंगणात बसून राहिली. ही बाजू भिंतीकडे केली तर कोणाला कळणार नाही, असं तिच्या मनात आलं. पाळणा तिने घरात नेला आणि खरंच तसा ठेवला.

संध्याकाळी शेवंती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या टाळूवर पिवळट खपली धरली होती.

"नखाने काढू का? लगेच निघेल," अनसूया म्हणाली.

"नको. खालची कातडी किती नाजूक आहे," शेवंती म्हणाली. तिने कोमट खोबरेल तेल टाळूवर लावलं आणि तशीच गाणं गुणगुणत बसली. बऱ्याच वेळाने मऊ फडक्याने अलगद टिपलं. थोडी खपली आली, थोडी राहिली. "राहिलेली उद्या. तिला कुठे घाई आहे?"

अनसूया ते बघत राहिली. मग उठली आणि सरळ तानीमावशींना हाताला धरून घेऊन आली. पाळणा फिरवून तिने ती फळी दाखवली. "मावशी, माझ्या हातून पाळण्याची नासाडी झाली."

मावशींनी पांढऱ्या फळीवरून बोटं फिरवली. "माझा थोरला याच बाजूला डोकं करून निजायचा," त्या म्हणाल्या. मग अनसूयेकडे बघून म्हणाल्या, "लपवलं नाहीस, ते बरं केलंस. उरलेल्या फळ्यांचं काय करणार आहेस?"

"हळूहळू करीन. बारशापर्यंत पुरं व्हायचं नाही, पण करीन."

तिने पाळण्याच्या पायाशी, सहसा नजर जाणार नाही अशा जागी, थोडं कोमट तेल लावून पाहिलं. जुना थर मऊ झाला आणि फडक्यावर उतरला. रंग जागचा हलला नाही. मग ती रोज बाळ निजलं की वीतभर जागा घ्यायची. आधी तेल, मग थांबायचं, मग जुन्या लुगड्याच्या फडक्याने टिपायचं. शेवटी रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून एक हात, आणि लगेच कोरडं पुसणं. घासायची सवय असलेले तिचे हात सुरुवातीला शिवशिवायचे. पण एका दुपारी फडक्याखालून हिरवा राघू वर आला. त्याच्या चोचीत लाल फळ होतं. तिने शेवंतीला हाक मारली, आणि दोघी बहिणी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसल्या.

बारशाला पाळणा फुलांनी सजवला, तरी एक फळी पांढरी, एक रंगीत आणि दोन काळ्याच होत्या. शेवंतीच्या सासूबाईंनी विचारलं, "ही एकच अशी का हो?"

"मी घाईने घासली. रंग गेला," अनसूया सगळ्यांसमोर म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली आणि वाकून राघूकडे पाहिलं. "आणि हा?"

"हा हळू पुसला."

तोवर गावच्या बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. याच पाळण्यात त्यांनी आपापली मुलं निजवली होती, पण हा राघू त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

पुढे पाळणा दुसऱ्या घरी गेला, तशी अनसूयाही दुपारची तेलाची वाटी घेऊन तिथे जाऊ लागली. त्या घरचं मूल रांगायला लागेपर्यंत उरलेल्या दोन्ही फळ्या उजळल्या. पांढरी मात्र पांढरीच राहिली.

गावात नवी सून आली की तानीमावशी तिला पाळणा दाखवायला न्यायच्या. पांढऱ्या फळीवर हात ठेवून सांगायच्या, "ही आमच्या अनसूयेने केली." मग बाकीच्या तिन्ही फळ्यांवरून हात फिरवायच्या. "आणि ह्याही तिनेच केल्या."

तात्पर्य इतकंच: जुना मळ काढताना त्याच्याखाली काय आहे ते आधी बघावं, आणि त्याला जपायला लागेल तेवढा वेळ द्यावा. हातून चूक झालीच तर ती लपवू नये, म्हणजे उरलेलं तरी वाचतं.